भीमथडी घोडीच्या आयाळीसाठी आणलेला निगा-संच : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या फेब्रुवारीत मी घोड्यांच्या आयाळीची निगा राखण्यासाठी विकला जाणारा एक संच ऑनलाइन मागवला. उन्हाळा, सबंध पावसाळा आणि दिवाळीपर्यंतचे दिवस असा जवळजवळ नऊ महिने तो वापरून झाला असल्यामुळे त्याविषयी आता खात्रीने लिहिता येईल. संचाची किंमत २,४५० रुपये होती. कॅनव्हासच्या पिशवीत रुंद दातांची प्लॅस्टिकची फणी, फिरत्या काड्यांचा ब्रश, गुंता सोडवण्याच्या फवाऱ्याची अर्ध्या लिटरची बाटली, तेवढाच शांपू, धातूची बोटभर लांबीची बारीक फणी, केस विरळ करण्याची दातेरी पट्टी, वेण्या बांधण्यासाठी रबरी कड्यांची पुडी आणि एक इंग्रजी पुस्तिका एवढ्या वस्तू त्यात होत्या. विकणाऱ्या कंपनीचे नाव मी देत नाही, कारण याच वस्तू याच पिशवीत निराळ्या चिठ्ठ्या लावून निदान तीन-चार नावांनी विकायला ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. ज्याला घ्यायचा असेल त्याला वस्तूंच्या यादीवरूनच संच ओळखता येईल.

आमची शेती इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्यापासून फार लांब नाही. ज्या घोडीसाठी हा संच घेतला ती पाखरी नऊ वर्षांची, कुमेत म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची आणि खांद्याशी १२८ सेंटिमीटर उंचीची भीमथडी घोडी आहे. भीमथडीची तट्टे हे शब्द महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही ठाऊक असतात, परंतु ते तट्टू प्रत्यक्ष जवळून पाहिलेली माणसे थोडीच, कारण आज हा घोडा मुख्यतः धनगरांच्या वाड्याबरोबर, म्हणजे फिरत्या तळाबरोबर, पाठीवर बिऱ्हाड घेऊन मेंढरांच्या मागे चालताना दिसतो. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली आणि मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, स्पिती, झंस्कारी, भुतिया व मणिपुरी यांच्या पंगतीत आठवे पान त्याचे मांडले गेले, ही गोष्टही अगदी अलीकडची. हे येथे सांगण्याचे कारण असे, की या संचातील वस्तू कोणत्या घोड्याला डोळ्यांपुढे ठेवून केल्या आहेत, हा प्रश्न मला पहिल्या आठवड्यापासून पडत गेला, आणि संचातील जे साधले आणि जे फसले त्या दोन्हींचे उत्तर बहुतेक त्या प्रश्नातच होते.

पाखरीची आयाळ दाट, राठ आणि दोन्ही बाजूंना पडणारी आहे. मानेच्या वरच्या अर्ध्या भागातील केस डावीकडे पडतात, खालच्या भागातील उजवीकडे, आणि दोन्हींच्या मधोमध काही केस कोणाचेच न ऐकता उभे राहतात. कपाळावरची झुलपे डोळ्यांच्या खाली येतात. धनगराच्या वाड्यावर होती तोवर तिच्या आयाळीला फणी लागलेली नव्हती. हाताने काटेकुटे काढायचे आणि सणाला तेलाचा हात फिरवायचा, एवढीच तिची निगा. आमच्याकडे आल्यावर ती आयाळ ठीकठाक करावी असे मला वाटले, यात घोडीच्या गरजेपेक्षा माझी हौस अधिक होती, हे आधीच कबूल करते.

संचातील सर्वांत चांगली वस्तू म्हणजे रुंद दातांची फणी, आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे योग्य होईल, कारण फणी ही वरवर पाहता कोणत्याही बाजारात मिळणारी वस्तू आहे. या फणीचे दात एकमेकांपासून बोटभर अंतरावर आहेत, टोके गोल घासलेली आहेत आणि मूठ जाड असल्याने तेलकट हातातही ती फिरत नाही. राठ केसांच्या आयाळीला याच गोष्टी लागतात. आपल्या घरातील कंगवा अशा आयाळीत घातला तर तो दुसऱ्याच हिसक्याला अडकतो, आणि अडकलेला कंगवा ओढला की केस मधूनच तुटतात. शरीरावरची लव घोडा ऋतुमानाप्रमाणे टाकतो आणि नवी घेतो. आयाळ मात्र तशी टाकत नाही. महिन्याला साधारण दोन सेंटिमीटर या गतीने ती वाढते, म्हणजे आज निष्काळजीपणे तोडलेला वीतभर केस पुन्हा तेवढा व्हायला वर्षाच्या आसपासचा काळ जातो. फणी फिरवताना मी घोडीच्या डाव्या अंगाला उभी राहते, मुठीत मावेल एवढीच बट घेते, डाव्या हाताने ती वरच्या बाजूला घट्ट धरते म्हणजे मुळांना ओढ बसत नाही, आणि टोकापासून सुरुवात करून चार-चार बोटे वर सरकत जाते. मुळापासून खाली ओढण्याची चूक मी सुरुवातीला केली होती, आणि पाखरीने कान मागे टाकून ती माझ्या लक्षात आणून दिली. आता सबंध आयाळीला वीस मिनिटे लागतात आणि फणीत पाच-सहा केस निघतात. नऊ महिन्यांत फणीचा एक दात मोडला, तोही ती खोगिराखाली दबली म्हणून.

फिरत्या काड्यांचा ब्रश हा त्याच कामाचा महाग प्रकार आहे. त्याची प्रत्येक काडी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे गुंता ओढला न जाता उलगडतो, असे पुस्तिकेत म्हटले आहे, आणि पहिला महिनाभर ते खरेही होते. मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडे वारा सुटला की अंगणातली माती उचलून थेट घरात आणून टाकतो. त्या मातीचे कण काड्यांच्या बुडाशी जाऊन बसले, काड्या एकेक करून फिरायच्या थांबल्या, आणि मे उजाडेपर्यंत तो एक साधा, थोडा वाकडा ब्रश झाला. धुऊन, टाचणीने कोरून पुन्हा चालू होतो. दर पंधरवड्याला कोण कोरत बसणार?

गुंता सोडवण्याच्या फवाऱ्याविषयी माझे मत दोनदा बदलले. बाटलीवरच्या घटकांच्या यादीत पाण्यानंतर लगेच डायमेथिकोन आहे, म्हणजे हा मुख्यतः सिलिकॉनचा फवारा आहे. सिलिकॉन केसावर पातळ थर देते, केस एकमेकांवरून घसरतात, आणि म्हणून गाठ सुटते. केसाच्या आत ते काहीही पोहोचवत नाही, त्यामुळे चिठ्ठीवरील ‘पोषण’ हा शब्द वाचून हुरळून जाऊ नये. पहिल्याच दिवशी बाटली दाबल्याबरोबर जो फुस्स असा आवाज झाला, त्याने पाखरीने दावणीला असा हिसडा दिला की खुंटीच हलली. फुत्कारासारखा आवाज मानेजवळ झाल्यावर घोड्याने दुसरे काय करावे? तेव्हापासून मी फवारा तिच्यापासून दूर उभी राहून तळहातावर मारून घेते आणि तो हात बटेवरून फिरवते. यात औषधही कमी लागते, आणि अर्धी बाटली अजून शिल्लक आहे ती याचमुळे.

त्या फवाऱ्याने स्वतःची किंमत वसूल केली ती ऑक्टोबरात. पावसाळा सरताना आमच्या बांधावर आघाडा आणि शंकेश्वर वाळू लागतात, गायरानातले गवत कुसळ्यांवर येते, आणि चरून आलेली घोडी संध्याकाळी कपाळावर अख्खा बांध घेऊन येते. गणपतीच्या पत्रीत आघाड्याची कोवळी डहाळी वाहताना त्याचे हे नंतरचे रूप कोणाच्या ध्यानात येत नसेल. त्याची बोंडे केसाला उलट्या तोंडाने धरतात. शंकेश्वराचे फळ त्याहून वाईट, कारण त्याच्या सर्व अंगाला आकडे असतात आणि एका फळाभोवती झुलपांचे केस फिरत फिरत सुपारीएवढी घट्ट गाठ होते. अशी एक गाठ मी पूर्वी कात्रीने कापली होती. या वेळी तळहातावर फवारा घेऊन गाठ सर्व बाजूंनी ओली केली, पाच मिनिटे तशीच ठेवली, मग फणी बाजूला ठेवून दोन्ही हातांच्या नखांनी कडेचे दोन-दोन केस सुटे करत गेले. फळाचे आकडे बोटाला टोचत होते, पण केस त्यांच्यावरून साबण लावल्यासारखे निसटत होते. पंचवीस मिनिटांनी ते फळ अखंड माझ्या तळहातावर आले आणि त्याला फक्त तीन केस चिकटलेले होते. पाखरी त्या वेळात माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभ्याउभ्या पेंगत होती, यावरून तिला किती ओढ बसली असेल याचा अंदाज यावा.

मात्र याच फवाऱ्याचा एक धोका पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहायला हवा होता, आणि तो तेथे शेवटच्या पानावर एका ओळीत उरकला आहे. सिलिकॉन जेथे पडेल ती जागा निसरडी होते. एप्रिलमध्ये मी आयाळीच्या शेवटच्या बटांना, म्हणजे जेथे मान संपून पाठ सुरू होते तेथपर्यंत, सढळ हाताने फवारा चोळला होता, आणि दुसऱ्या दिवशी खोगीर घालून निघाल्यावर ओढ्याच्या उतारावर ते माझ्यासकट एका बाजूला सरकले. पडले नाही, पण ते नशीब. तेव्हापासून खांद्याच्या अलीकडे चार बोटे हात थांबवते, आणि जेथे खोगिराची गादी टेकते तेथे काहीही लावत नाही. दुसरी गोष्ट अशी, की रोज वापरल्यास थरावर थर बसून केस काही आठवड्यांत कोरडे व कडक लागू लागतात. पंधरा दिवसांतून एकदा किंवा गाठीपुरता, एवढाच त्याचा उपयोग करावा.

खोबरेलाशी तुलना होणे साहजिक आहे. आमच्या घरात तरी प्रत्येक डोक्याला, मग ते माणसाचे असो की घोड्याचे, पहिला उपाय तोच. खोबरेल केसाच्या आत थोडे शिरते, खनिज तेल किंवा सिलिकॉन तसे शिरत नाही, आणि राठ केसाची टोके त्याने खरोखर मऊ राहतात. पण उन्हाळ्यात तेल लावलेली आयाळ दोन दिवसांत सगळ्या शिवाराची धूळ गोळा करते, ती धूळ मानेच्या बुडाशी कातडीवर बसते, आणि घोडी मान घासू लागते. थंडीत निराळी अडचण, कारण २४ अंशांच्या खाली ते थिजते आणि पहाटे डबा उन्हात ठेवून वाट पाहावी लागते. म्हणून माझी रीत आता अशी झाली आहे : पावसाळ्याच्या तोंडावर आणि थंडीत खोबरेल, फक्त टोकांना, दोन चमचे, पावसाळ्यात त्यात करंजाचे तेल मिसळून, कारण त्याच्या उग्र वासाला निदान माझ्या अंगणातल्या माशा तरी बिचकतात, आणि धुळीच्या दिवसांत गाठीपुरता हा फवारा.

शांपूबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. घोड्याची कातडी माणसाच्या कातडीपेक्षा कमी आम्लधर्मी असते, त्यामुळे घोड्यासाठी बनवलेला शांपू वापरणे हे घरातली बाटली ओतण्यापेक्षा बरे, एवढे खरे. त्याला फेस भरपूर येतो, पण तो निघायला चार बादल्या पाणी लागते, आणि आयाळीच्या मुळाशी साबण राहिला तर कोंडा होतो. कुमेत घोडीला वर्षातून दोनदा धुणे पुरेसे आहे.

आता ज्या दोन वस्तूंमुळे हे परीक्षण लिहावेसे वाटले त्यांच्याकडे येते. धातूची बारीक फणी ही केस विंचरण्यासाठी दिलेलीच नाही. आयाळीच्या खालच्या थरातील थोडे केस तिच्याभोवती गुंडाळून झटक्याने मुळासकट उपटायचे, असे तिचे काम. दातेरी पट्टीने हेच काम न उपटता, केस मधून कापून होते. पुस्तिकेतील चित्रांत उंच, सडपातळ, शर्यतीच्या जातीचा घोडा आहे, त्याची आयाळ वीतभर, एकाच बाजूला पडलेली आणि झालरीसारखी सरळ आहे, आणि ‘नीटनेटकी आयाळ’ म्हणजे ती, असे पुस्तिका गृहीत धरते. मीही ते गृहीत धरले. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, उकाडा फार वाढला म्हणून घोडीला हलके वाटेल असे स्वतःला समजावत, तीन दिवस रोज थोडे थोडे करून मी आयाळीचा आतला थर जवळजवळ निम्मा काढला. उपटण्याचा प्रयत्न पहिल्या दोन बटांतच सोडला, कारण पाखरीने तो सोडायला लावला. उरलेले सर्व पट्टीने केले. चौथ्या दिवशी घोडी चित्रातल्यासारखी नव्हे, पण नाटकासाठी कोणीतरी रंगवल्यासारखी दिसत होती, आणि मला तिचे कौतुक वाटले होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

जूनमध्ये कोकणातून परतणारा एक वाडा आमच्या रानात मेंढरे बसवायला थांबला. त्यांच्यातल्या आजींनी पाखरीला लहानपणापासून पाहिलेले. त्यांनी तिच्या मानेवरून हात फिरवला, आयाळ उचलून आत पाहिले आणि म्हणाल्या, “ताई, माश्या वारायला देवानं दिल्याली ती. तुम्ही कातारली कशापायी?” मी पुस्तिकेतले चित्र दाखवले. आजींनी ते लांब धरून पाहिले. “ह्यो घोडा घरात ऱ्हातो,” एवढेच बोलल्या आणि पुस्तिका परत दिली.

पंधरवड्यातच त्यांचे म्हणणे पटले. पहिल्या पावसानंतर ओलीच्या जागी जी बारीक चिलटे होतात ती पहाटे आणि दिवेलागणीला घोड्याच्या मानेच्या कण्यावर आणि शेपटीच्या बुडाशी बसतात. काही घोड्यांच्या कातडीला त्यांच्या लाळेचे वावडे असते, आणि मग खाज अशी सुटते, की घोडा भिंत, झाड, खांब, जे सापडेल त्यावर मान घासतो. पाखरीला हा त्रास पूर्वी कधी झाला नव्हता, कारण चिलटांना कातडीपर्यंत पोहोचायला वाटच नव्हती. आता आतला थर गेल्यामुळे मानेचा कणा जागोजागी उघडा पडला होता. जुलैच्या एका संध्याकाळी कंदील घेऊन गोठ्याकडे गेले, तर ती कडुनिंबाच्या बुंध्यावर मान वरखाली घासत होती आणि सालीवर तिचे केस अडकून लोंबत होते. मानेवर तळहाताएवढी जागा केसाविना, लालसर आणि ओली झालेली. डॉक्टरांनी मलम दिले, पहाटे व संध्याकाळी घोडीला आत बांधायला आणि वारा खेळता ठेवायला सांगितले. गोठ्यात जुना टेबलफॅन लावला, कारण चिलटे उडण्यात फार दुबळी असतात आणि वाऱ्यापुढे टिकत नाहीत. दीड महिन्याने कातडी बरी झाली. केस अजून पूर्ण आलेले नाहीत. जे आले आहेत ते आखूड असल्यामुळे सरळ उभे राहतात आणि वरची आयाळ आपल्या अंगावर टेकू देत नाहीत, म्हणजे ज्या नीटनेटकेपणासाठी हे केले तोही साधला नाही.

पावसातही फरक जाणवला. दाट, दोन्ही बाजूंना पडणाऱ्या आयाळीवरून पाणी पागोळ्यांसारखे टोकांवरून गळते आणि मानेची कातडी बरीच कोरडी राहते; विरळ केलेल्या भागात ते मुळाशी मुरत होते. आयाळ हे उघड्यावर राहणाऱ्या तट्टाचे छप्पर आहे, हे माझ्या लक्षात छप्पर काढल्यावर आले. गंमत अशी, की ज्या ब्रिटनमध्ये शिकारीच्या व स्पर्धेच्या घोड्यांची आयाळ उपटून आखूड करण्याची रीत रूढ आहे, तेथेच एक्समूर, शेटलंड, हायलंड यांसारख्या डोंगराळ मुलखातल्या देशी तट्टांना प्रदर्शनात आणताना आयाळ न उपटता, न विणता, आहे तशी मोकळी ठेवण्याचा दंडक आहे. म्हणजे फरक देशाचा नसून घोडा कोठे राहतो याचा आहे, आणि आजींनी तो एका वाक्यात सांगितला होता. संच विकणाऱ्यांनी पुस्तिकेत ही एक ओळ घातली असती, तर माझे दीड महिन्याचे मलम वाचले असते. अर्थात पट्टी माझ्या हातात होती, त्यांच्या नव्हे.

रबरी कड्यांविषयी थोडक्यात : त्या लहान, ताणलेल्या आणि केसाला चिकटणाऱ्या आहेत. बैलपोळ्याला बैलांबरोबर घोडीलाही सजवायची आमच्याकडे हौस असते, तेव्हा अकरा वेण्या घातल्या. दुसऱ्या दिवशी कड्या काढताना प्रत्येकीबरोबर केसांचा झुबका आला. वेणी घालायचीच असेल तर लोकरीच्या धाग्याने सैल बांधावी, आणि त्याच संध्याकाळी सोडावी; रात्रभर ओढलेली कातडी खाजवते आणि घोडा वेण्यांसकट मान घासतो.

संच पूर्णपणे वाईट नाही, याचा पुरावा माझ्याच शेजारी आहे. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांकडे वरातीचा नुकरा, म्हणजे पांढरा घोडा, आहे. तो पक्क्या तबेल्यात राहतो, उन्हात फारसा निघत नाही, आणि लग्नसराईत त्याची आयाळ मंडपातल्या दिव्यांखाली चमकली पाहिजे, ही त्याच्या मालकाची रास्त गरज आहे. माझा उरलेला शांपू त्यांनी नेला आणि पांढऱ्या केसांवरचे शेणाचे पिवळे डाग त्याने बऱ्यापैकी निघाले. वरातीच्या तासभर आधी फवारा मारून फणी फिरवली, की गुलाल आणि कागदी फुलांचा चुरा आयाळीला चिकटत नाही, झटकला की पडतो. त्यांनी स्वतः असाच संच मागवला आणि ते समाधानी आहेत. मात्र नवरदेव बसायच्या जागेपासून फवारा दूर ठेवा, असे मी त्यांना बजावून सांगितले आहे.

सेवेबद्दल सांगायचे तर पार्सल चार दिवसांत गावात पोहोचले. शांपूच्या बाटलीचे झाकण सैल होते आणि पाव बाटली पिशवीत सांडली होती. छायाचित्रे पाठवल्यावर नऊ दिवसांनी दुसरी बाटली आली, पैसे मागितले नाहीत. पुस्तिका मराठीत किंवा हिंदीत आहे का असे विचारले होते, त्याला उत्तर आले नाही. हे मला सांडलेल्या शांपूपेक्षा अधिक खटकले, कारण या मुलखात घोडा ज्यांच्या हातांखाली असतो त्यांतले बहुतेक जण ती पुस्तिका वाचू शकणार नाहीत. चित्रे मात्र सर्वांना दिसतात, आणि चूक चित्रातच आहे.

तेव्हा ज्यांचा घोडा रानात चरतो, पावसात उभा राहतो आणि ज्याची आयाळ दाट आहे, त्यांनी हा संच घेऊ नये. रुंद दातांची फणी सुटी घ्यावी, तिला दोनशे रुपयांच्या आसपास खर्च येतो. फवाऱ्याची लहान बाटली आघाडा-शंकेश्वराच्या दिवसांसाठी ठेवावी. बाकी साजाचा शौक असेल तर डिसेंबरात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, किंवा नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची यात्रा असते. तेथे गोंडे, घुंगरांच्या माळा, सुती म्होरक्या हाताळून, ताणून पाहून घेता येतात, आणि विकणारा स्वतः घोडेवाला असल्याने विचारलेल्या प्रश्नाला उत्तरही देतो. वरातीचे, प्रदर्शनाचे किंवा तबेल्यात राहणारे घोडे ज्यांच्याकडे आहेत, त्यांना संच उपयोगी पडेल. पाचपैकी साडेतीन गुण द्यायला त्यांची हरकत नसावी. माझ्याकडून दोन, आणि ते दोन्ही फणीचे.

दातेरी पट्टी मी नुकरावाल्यांनाही दिली नाही, ती दारूगोळ्यासारखी वरच्या फळीवर ठेवली आहे. धातूच्या बारीक फणीला मात्र काम सापडले. थंडीत घोड्याच्या आयाळीच्या मुळाशी उवा होतात, त्यांची अंडी केसाला चिकटून बसतात आणि ती नुसत्या डोळ्यांनी कोंड्यासारखी दिसतात. गेल्या आठवड्यात आयाळीचा भांग पाडून या फणीचे दात मुळाशी हलकेच फिरवले, तेव्हा दातांवर जे आले ते कोंडाच निघाला. फणी पुसून खराऱ्याशेजारी खिळ्याला अडकवली आहे.